शेळीच्या दुधाचं चोवीस तासांचं दही : थंडी ते चैत्र

आधी सध्याची स्थिती. दही रोजच्या रोज नीट लागतंय, शेळीच्या दुधाचा उग्र वास जवळपास गेलाय, आंबटपणा चांगला चढतोय. घट्टपणा मात्र चमच्यावरून घरंगळेल इतपतच. आमच्या सासूबाई अजून त्याला "तुझं ते ताक" म्हणतात. म्हशीच्या कवडी दह्यावर वाढलेल्या सांगलीकराकडून याहून वेगळी अपेक्षा नाही.

शेळीचं दही असंच पातळ राहणार, हे एकदा मान्य केलं की निम्मा त्रास वाचतो. दह्याची घडण ज्या केसिनवर, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनावर, उभी असते, त्यातला अल्फा-एस-वन हा प्रकार शेळीच्या दुधात साधारणपणे गाईपेक्षा बराच कमी असतो. म्हणून गोळा मऊ आणि भुसभुशीत बनतो, आणि पोटात गेल्यावर लवकर मोडतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण शेळीच्या मागे लागलो, त्यानंच दही पातळ होतं. कुणी दूध पावडर घालून घट्ट करायला सांगतं. ज्या पथ्याच्या आहारासाठी हे दही लावते त्यात ते चालत नाही, कारण पावडरीबरोबर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखरही आली.

आहार म्हणजे स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट. ह्यांना मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. औषधं डॉक्टरांचीच चालू आहेत, दही त्यांना विचारून सुरू केलं, तेही चमच्या चमच्यानं. न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांच्या पथ्यावरून हा आहार आला आणि एलेन गॉटशाल यांनी तो पुढे लोकांपर्यंत नेला. त्यांच्या मुलीलाच हा आजार होता. धान्य, साखर, बटाटा, साधं दूध सगळं बंद. दही चालतं, पण चोवीस तास विरजलेलं. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणून त्यात लॅक्टोज नसतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. साडेचार टक्क्यांच्या आसपास असतंच, गाईपेक्षा किंचित कमी. ते जिवाणूंकडून खाऊन घ्यायचं, म्हणून एवढे तास. चोवीस तासांनी लॅक्टोज जवळजवळ उरत नाही असं आहारवाले म्हणतात. आंबटपणा वाढला की जिवाणूच मंदावतात, तेव्हा बरंच कमी होतं इतकं मी म्हणेन, शून्य म्हणणार नाही. आणि ज्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्यानं शेळीच्या दुधाचा प्रयोग घरी करू नये. दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी आहेत की त्रास बहुधा तोच होतो.

आता वासाचं. या हंगामात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथंच. दूध कवलापूरकडच्या एका मावशींकडून येतं. शेळ्या काळ्या, उस्मानाबादी वळणाच्या. लिटरभर दूध दिलं तरी खूप. आपल्या भागातल्या शेळ्या मुळात मटणासाठीच पाळलेल्या, दूध ही वरकड कमाई. बोकड जवळ असला की दुधाला दर्प येतो हे ऐकून होते. मी भीत भीत विषय काढला, तर पुढच्या खेपेला त्यांनीच सांगितलं, "बांधला बघा लांब चिंचेखाली, ताई. तुमच्या दह्यापायी वनवास त्याला."

फरक पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा किटलीत होता. निम्मी भरलेली किटली मोटरसायकलला अडकवून खड्ड्यांतून आणली की दूध आत घुसळलं जातं. त्यानं स्निग्धाच्या कणांवरचं आवरण फुटतं, दुधातलंच लायपेज, म्हणजे स्निग्ध तोडणारं विकर, त्या स्निग्धाला लागतं आणि कॅप्रोइक, कॅप्रिलिक अशी उग्र वासाची आम्लं सुटी होतात. शेळीच्या दुधात ती गाईपेक्षा जास्त असतात. उपाय साधा निघाला. लहान किटली घ्यायची, काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवा ठेवायची नाही, आणि घरी आल्या आल्या तापवायची. तापवलं की लायपेजचं काम संपतं.

तापवताना ८५ अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथंच दहाएक मिनिटं मंद आचेवर धरायचं. कच्च्या दुधाचा धोका जातो, शिवाय दुधाच्या निवळीतली प्रथिनं केसिनला चिकटतात म्हणून दही जरा बरं धरतं. खळाखळा उकळू देत नाही. मग पातेलं गार पाण्यात ठेवून ४० वर आणायचं.

उबेसाठी औषधाच्या दुकानातून मागून आणलेला थर्मोकोलचा खोका, २५ वॅटचा जुना पिवळा दिवा आणि अंडी उबवायच्या पेटीत असतो तसला थर्मोस्टॅट. त्याची तापमान मोजणारी तार हवेत लोंबकळत ठेवू नका, पाण्याच्या बाटलीत बुडवा. हवेवर ठेवली की दिवा सारखा चालू-बंद होतो आणि दिव्याजवळची बरणी जास्त तापते. बरणी ४५ च्या वर गेली की दही फाटतं, हिरवट पाणी वेगळं होतं. म्हणून मी ४० वर लावते. थोडं वर-खाली झालं तरी निभतं. वीज गेली तर? खोक्यात गरम पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या कायमच्या बसवल्यात. पूर्वी वैलावर गाडगं ठेवून हेच साधायचे. पौषातल्या पहाटेही खोका ढळला नाही, चैत्रात तर दिवा क्वचितच पेटतो.

विरजण घरचं वापरत नाही. घरच्या विरजणातले बरेच जिवाणू तिशीच्या आसपास खूश असतात. ४० अंशांवर चोवीस तास ठेवलं की एकदा छान लागतं, पुढच्या वेळी नुसतं आंबट पाणी. बल्गेरिकस आणि थर्मोफिलस हे उबेत वाढणारे दह्याचे जिवाणू असलेली पूड मागवते, बिफिडो जातीचे जिवाणू नसलेली, कारण या आहारात ते टाळतात. पहिल्या दह्याचे बर्फाच्या साच्यात खडे करून ठेवले आहेत. लिटरला मोठा चमचाभर पुरे. जास्त घातलं की दही रवाळ होतं.

चोवीस तास झाले की बरणी न हलवता फ्रिजमध्ये, रात्रभर. हे टाळून लगेच ढवळलं तर खरंच ताक होतं, सासूबाई बरोबर ठरतात. दुसऱ्या दिवशी धुवट पंच्यात तीन-चार तास टांगायचं. चक्का पांढराशुभ्र निघतो, गाईसारखी पिवळी झाक नाही. सैंधव, जिरेपूड, किसलेली काकडी एवढ्यावर ह्यांचं जेवण होतं. खालचं पाणी ह्यांना देत नाही, उरलंसुरलं लॅक्टोज बरंचसं त्यात जातं. आमच्या थालिपिठाच्या पिठात ते मस्त लागतं.

मावशी म्हणतात, वैशाखात पाला आटला की दूधही आटणार, आणि जे निघेल त्यावर पहिला हक्क करडांचा. तो असलाच पाहिजे. म्हणून या आठवड्यापासून जादा दूध तापवून, गार करून फ्रीजरला टाकतेय. शेळीच्या दुधात साय सहसा वेगळी तरंगत नाही, तेव्हा गोठवून वितळल्यावर फारसं बिघडू नये. त्याचं दही किती रवाळ होतं ते पुढच्या नोंदीत.