कीपरकडे बघत बसले
रविवार, रात्री साडेदहा

पुण्याहून कुणी आलं की त्यांना मंडाईचं प्राणिसंग्रहालय दाखवायचं, हे सिंगापुरातल्या आम्हा लोकांचं ठरलेलं काम. आज मात्र मुद्दाम एकटी गेले आणि ओरँगउटान वानरांपाशीच ठाण मांडलं. इथे ते डोक्यावरच्या दोरांवरून या झाडावरून त्या झाडावर जातात, त्यामुळे सगळ्यांच्या माना वर. मी खाली कीपरकडे, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या माणसाकडे बघत होते.

पपईची फोड त्याने लगेच दिली नाही. आधी हाताची खूण केली. ओरँगउटानच्या पोराने तोंड उघडलं, कीपरने दात पाहिले, मग तळहात उलटसुलट करून पाहिला आणि मग फोड दिली. लोक हसले, फोटो काढले. त्यांना तो खेळ वाटला. ती रोजची तपासणी होती. एवढ्यातही त्याची नजर सारखी वर, कोण खायला उतरलं नाही ते शोधत. जेवणाच्या पंगतीत कोण जेवलं नाही हे बरोबर टिपणारी आजी असते ना, तशी.

आ मेंगचं नाव इथे अजून निघतं. कुणीतरी बेकायदा पाळलेली ती सुमात्रन मादी 1971 मध्ये सोडवली गेली आणि पुढे इथे आली. अलगप्पासामी चेल्लय्या हे तिचे कीपर. 1982 मध्ये चित्रीकरणाला बाहेर नेली असता ती झाडावर जाऊन बसली, तीन दिवस काही उतरेना. शेवटी पडली आणि हात मोडून घेतला. 2008 मध्ये ती गेली तेव्हा निरोपाला चारेक हजार माणसं जमली होती.

आणि आपली पुण्याची ओरँगउटान बिनी? कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातून 2003 मध्ये तिला ओडिशात नंदनकानन प्राणिसंग्रहालयात पाठवलं. देशात तिच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे सोबत काय ती कीपरचीच. 2019 च्या मे महिन्यात, वयाच्या 41 व्या वर्षी ती गेली. मी वाचलेल्या बातमीत वय होतं, आजार होता. तिचं खाणंपिणं बघणाऱ्याचं नाव नव्हतं. मला ते खटकलं, अजून खटकतं.

अशा एकेका जनावरामागे जन्म घालवणारी माणसं बघितली की वाटतं, खरं तर यांची गरजच पडायला नको होती. ओरँगउटानच्या मादीला दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षं लागतात. पिल्लू विकायला पकडायचं तर आधी आईला मारतात. एक आई गेली की ती तूट किती वर्षांनी भरणार? त्यात बोर्निओ-सुमात्रातलं जंगल तोडून पामतेलासाठी तेलताडाची लागवड. 2017 मध्ये तापानुली ही तिसरी जात वेगळी ओळखली गेली, तर तिची जेमतेम आठशे जनावरं उरलेली.

पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपलाच. 2022 च्या दिवाळीला रेशनवर शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’तही लिटरभर पामतेलच होतं. संध्याकाळी आईला फोनवर हे सगळं ऐकवलं, म्हटलं, निदान फरसाणाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते तरी वाचत जा. ती म्हणाली, “वाचते. पण शेंगदाणा तेलाचा डबा कितीला झालाय, ते तू आधी वाच.”

यावर मला काही बोलता आलं नाही.