बेळगाव ते लंडन : दहा तास, म्हणे!

"लंडन किती लांब ओ?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मी बिनधास्त सांगून टाकलं, "दहा तास." तिकिटावर तसंच होतं की! पण ते मुंबईपासून. आमच्या बेळगावच्या शहापुरातून मुंबई गाठायलाच अकरा तास गेले, त्याचा हिशेब कुठल्या तिकिटावर असतोय?

लेकीच्या बाळंतपणाला निघाले होते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईच्या विमानाची वेळ जुळेना, म्हणून रात्री ९ ची स्लीपर बस धरली. बॅग २३ किलोत बसवताना डिंक, खारीक, अळीव, मेतकूट आत गेलं आणि दोन साड्या बाहेर आल्या. आमची बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, तर राहिलाच. तिकडे दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, असं जावयांनी फोनवर बजावलं, तोवर अर्धा किलो घरात येऊन पडलेला. तो डबा पर्समध्येच टाकला. कोगनोळी नाका यायच्या आत मी आणि वरच्या बर्थवरच्या मुलीनं बोटांनी कोरून कोरून निम्मा संपवला. मग झोप लागली ती खंबाटकीत ट्रकांच्या रांगेत मोडली. जेमतेम ५०० किलोमीटरचा रस्ता, पण मुंबईत उतरले तेव्हा सकाळचे ८ वाजलेले.

विमान दुपारी दीडला उडालं. समोरच्या पडद्यावर अंतर आलं : सुमारे ७,२०० किलोमीटर. मला वाटलं होतं, समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाणार. नकाशावरची रेघ तर उत्तरेकडे कमान टाकून गेलेली. शेजारचा पोरगा म्हणाला, "काकू, पृथ्वी गोल आहे. गोलावर हाच जवळचा रस्ता." जेवणाच्या ट्रेमध्ये संत्रं होतं. बाळाच्या टोपड्याची लोकर काढून त्यावर ताणून बघितली. दोन टोकं घट्ट धरली की दोरा आपोआप वरच्या अंगाला सरकतोय! लंडन ५१ अंश उत्तरेला, मुंबई १९ ला, त्यामुळे वर चढायचं तर आहेच.

आणखी एक गंमत, सूर्य काही मावळेना. आम्ही त्याच्याच मागे पळत होतो ना! माझ्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा, आणि खाली लंडनात संध्याकाळचे ७, लख्ख ऊन. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, थंडीत साडेपाच. ह्यांना फोन लावला तर झोपेतल्या आवाजात, "पोचलीस काय?" एवढंच.

नातू चार महिन्यांचा झाल्यावर परतले. येताना विमानाला पावणेनऊ तासच लागले. त्या उंचीवर वारं पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतं. जाताना ते तोंडावर असतं, येताना पाठीवर.

मुंबई-बेळगाव बसला मात्र बारा तास लागले. तिला कुठला आलाय पाठीवरचा वारा!