तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेंटिलेटर असताना लावत का नाही?

बाळाचे वडील विचारतात, आजी विचारते, हल्ली फोनवरून कुणाचे तरी काकाही विचारतात. बाळ दमलंय, बरगड्यांखाली छाती आत ओढली जातेय, आणि डॉक्टरीणबाईंनी नाकात नुसत्या नळ्या घालून पाण्याच्या बाटलीत बुडबुडे काढत ठेवलेत. मशीन कोपऱ्यात रिकामं. तेव्हा मी हात आखडता घेतेय असं वाटणारच.

घेतेच मी. वेळेआधी जन्मलेल्या बाळात सरफॅक्टंट, म्हणजे वायुकोश उघडे ठेवणारा फुप्फुसातला पदार्थ, कमी असतं, म्हणून श्वास सोडला की वायुकोश मिटतात. बुडबुड्यांचा सीपॅप, म्हणजे नाकातल्या त्या नळ्यांतून सतत दिलेला हवेचा दाब, ते मिटू देत नाही, श्वास मात्र बाळच घेतं. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. आम्ही ती किलोमागे 4 ते 6 मिलिलिटर एवढीच मोजून देतो, म्हणजे किलोभराच्या बाळाला एका श्वासाला चहाचा चमचाभर. त्याहून जास्त गेली तर कोवळं फुप्फुस ताणून जखमी होतं, कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूचा रक्तपुरवठा आटतो.

रेसिडेन्सीत मी उलट होते. घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावला की निर्धास्त. ती मुलगी आजही अधूनमधून माझ्याशी भांडते, आणि दर वेळी हरतेच असं नाही.

28 आठवड्यांना जन्मलेलं एक बाळ होतं, सीपॅपवर. ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या वर लागू लागला तसं बारीक नळीतून सरफॅक्टंट दिलं, गरज पंचविसावर आली. वडील म्हणाले, ‘मॅडम, मशीनच लावा ना.’ मी समजावलं. पहाटे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, कोसळलं. डाव्या बाजूला हवेचा आवाज नाही, हृदयाचे ठोके उजवीकडे सरकलेले. खोलीतले दिवे मालवून छातीला प्रकाशाची कांडी टेकवली, तर डावी बाजू सगळी लाल उजळली. फुप्फुसाबाहेर हवा साठली होती. एक्सरेला थांबले नाही. सुई घातली, सिरिंजने हवा खेचत राहिले, सिस्टर आकडे मोठ्याने सांगत होत्या: चाळीस, चाळीस, पंचावन्न. मग छातीत नळी, आणि व्हेंटिलेटरही.

बाहेर वडील एवढंच म्हणाले, ‘काल मी म्हटलं होतं.’

आकडे मला पाठ होते. सीपॅप आणि घशातली नळी यांची तुलना करणाऱ्या 2008 च्या कॉइन चाचणीत, 25 ते 28 आठवड्यांना जन्मलेल्या बाळांत, छातीत अशी हवा साठण्याचं प्रमाण सीपॅपच्या गटात 9 टक्के, सुरुवातीलाच नळी घातलेल्यांत 3. पण मृत्यू किंवा फुप्फुसाचा दीर्घ आजार सीपॅपमुळे वाढला नाही, आणि निम्म्याहून अधिक बाळांना पहिले पाच दिवस घशात नळी लागलीच नाही. हे त्या माणसाला त्या वेळी कसं सांगणार? त्याचं बाळ नेमकं त्या नऊमधलं होतं.

बाळ घरी गेलं. त्याने माझी बाजू सिद्ध होत नाही. पुढच्या बाळालाही मी सीपॅपच लावला. आता छातीत हवा साठू शकते हे आधीच सांगते, आणि ऐकणारे साहजिकच जास्त घाबरतात.