तुम्ही विचारलंत म्हणून: मुले लहान असतानाचा नाताळ

नोव्हेंबर संपत आला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: मुले अजून लहान आहेत, तर नाताळच्या कोणकोणत्या प्रथा घरात सुरू कराव्यात? विचारणारे बहुधा नव्याने आईबाप झालेले असतात. झाड, तारा, गोठा, दिवस मोजायचे कॅलेंडर, भेटवस्तू, गाणी, रात्रीची उपासना अशी लांबलचक यादी त्यांनी आधीच करून ठेवलेली असते आणि हे सगळे निभावणार कसे, ही काळजी त्यांच्या बोलण्यातून जाणवत राहते. माझे उत्तर गेली कित्येक वर्षे तेच आहे. मुलांना वाट पाहता येईल अशी एक प्रथा निवडा, ती मनापासून पाळा आणि बाकीच्या गोष्टी तिच्याभोवती हळूहळू जमू द्या.

असे सांगण्याचे कारण मुलांच्या वयातच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘अजून तीन आठवडे’ या शब्दांचा काहीच बोध होत नाही. त्याच्या लेखी ‘आज’ असते, ‘उद्या’ असते आणि त्यापलीकडे सगळे धूसर असते. त्याला नुसते ‘नाताळ येणार आहे’ असे सांगत राहिले, तर ते रोज सकाळी ‘आज आला का?’ असे विचारते आणि रोज हिरमुसते. तेच दिवस त्याला डोळ्यांनी दिसू लागले आणि हाताने मोजता येऊ लागले, की तीच प्रतीक्षा त्याला आवडू लागते. चर्चच्या परंपरेत याच वाट पाहण्यासाठी आगमनकाळ राखून ठेवलेला आहे. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी तो सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येत असल्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा भरतो.

या काळात लावल्या जाणाऱ्या मेणबत्त्यांची प्रथा मुलांच्याच प्रश्नातून जन्माला आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. योहान हिन्रिख विचर्न या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांसाठी आश्रम काढला होता. नाताळ जवळ आला की तिथली मुले त्याला ‘आता किती दिवस उरले?’ असे विचारून भंडावून सोडत असत. १८३९ च्या आगमनकाळात त्याने लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक जास्तीची मेणबत्ती पेटवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत घरोघरी गेली तेव्हा रविवारच्या चार मेणबत्त्या तेवढ्या उरल्या आणि चाकाच्या जागी हिरव्या डहाळ्यांचे कडे आले. कॅथलिक घरांत त्यांतील तीन जांभळ्या असतात आणि तिसऱ्या रविवारची, म्हणजे आनंदाच्या रविवारची, गुलाबी असते.

एकच प्रथा निवडायची असेल तर मी हीच निवडण्याचा सल्ला देते. तिला खर्च जवळजवळ नाही, तयारी थोडी आहे आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी पाच मिनिटांत ती पार पडते. घरातले दिवे मालवायचे, त्या आठवड्यापर्यंतच्या मेणबत्त्या मोठ्या माणसाने पेटवायच्या, छोटी प्रार्थना म्हणायची किंवा एखादे कडवे गायचे आणि मग जेवायला बसायचे. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, दुसरी तीन, तिसरी दोन आणि चौथी अगदी थोडे दिवस. त्यामुळे शेवटच्या रविवारपर्यंत चौघींच्या उंचीची उतरती पायरी तयार झालेली असते. आमच्या धाकटीने एका वर्षी आपण होऊन त्या पायरीवरून बोट फिरवले आणि सगळ्यांत बुटक्या मेणबत्तीकडे बोट दाखवून ‘हिने सगळ्यांत जास्त वाट पाहिली’ असे म्हटले. सरत्या दिवसांची जाण तिला आम्ही कितीही समजावून सांगून आली नसती; ती त्या वितळलेल्या मेणाने दिली. कड्यावरच्या डहाळ्या मात्र आठवड्याभरात सुकतात आणि चटकन पेट घेतात. म्हणून त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि पेटती मेणबत्ती क्षणभरही मुलांच्या भरवशावर सोडू नये. मूल अगदीच लहान असेल तर सेलवर चालणारी मेणबत्ती वापरायला काहीच हरकत नाही. मेणबत्ती कोणी विझवायची यावरून भावंडांत भांडण होणारच, तेव्हा पहिल्या दिवशीच पाळ्या ठरवून त्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

खिडक्या उघडण्याच्या कॅलेंडरबद्दलही लोक विचारतात. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमधील गेरहार्ड लांग याने अशी छापील कॅलेंडरे बाजारात आणली. त्याच्या लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर दिवसागणिक एकेक गोड वस्तू लावून दिली होती, त्या आठवणीतून त्याला ही कल्पना सुचली. कॅलेंडर चांगलेच आहे. फक्त प्रत्येक खिडकीत भेटवस्तू घालण्याच्या फंदात पडू नये. चोवीस दिवस रोज काहीतरी मिळत गेले की पंचविसाव्या दिवसाचे अप्रूप उरत नाही आणि त्या वस्तू जमवताना आईबापांचा जीव मेटाकुटीला येतो. त्याऐवजी चिठ्ठ्या घालाव्यात. आज आजीला फोन करायचा, आज तारा टांगायचा, आज एक खेळणे दुसऱ्या मुलाला देण्यासाठी निवडायचे, एवढे पुरे. ज्या दिवशी घरात दमणूक असेल त्या दिवसासाठी ‘आज लवकर झोपायचे आणि अंथरुणात एक गोष्ट ऐकायची’ अशीही एक चिठ्ठी हाताशी असू द्यावी.

आता गोठ्याविषयी, म्हणजे येशूजन्माच्या मूर्तींच्या देखाव्याविषयी, कारण मुलांच्या दृष्टीने सगळ्यांत समृद्ध प्रथा ही आहे. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो या गावी गवताने भरलेली गव्हाणी मांडली आणि तिच्याजवळ खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले. बाळ येशूचा जन्म किती हालअपेष्टांत झाला, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे अशी त्याची इच्छा होती. पाहणे आणि हाताळणे हा गोठ्याचा मूळ हेतूच आहे. म्हणून लहान मुलांच्या घरात काचेच्या कपाटातला नाजूक गोठा असू नये असे माझे ठाम मत आहे. लाकडाच्या, कापडाच्या किंवा घरी केलेल्या कागदी लगद्याच्या मूर्ती घ्याव्यात आणि त्या मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवाव्यात.

शिवाय हा गोठा एका दिवसात पुरा करू नये. आमच्या घरी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फक्त रिकामी गव्हाणी मांडली जाते. दुसऱ्या आठवड्यात जनावरे येतात. मरिया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकापासून प्रवासाला निघतात आणि पुस्तकांच्या फळीवरून, खिडकीच्या कठड्यावरून, जेवणाच्या टेबलावरून रोज थोडे थोडे पुढे सरकतात. मेंढपाळ आपल्या मेंढरांसह दूर कुठेतरी थांबलेले असतात. चोवीस तारखेच्या रात्री बाळ गव्हाणीत ठेवले जाते आणि ते ठेवण्याचा मान सगळ्यांत धाकट्या मुलाचा असतो. बाळाला भेटी घेऊन येणारे पूर्वेकडचे ज्ञानी लोक नाताळच्या दिवशीही वाटेतच असतात, कारण ते पोहोचतात ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला. चार वर्षांचे मूल या मूर्तींना दिवसातून दहादा हलवते, योसेफाला गाढवावर बसवते आणि मेंढरू उशाशी घेऊन झोपते. ते सगळे करू द्यावे. गोष्ट मुलांच्या अंगात भिनते ती याच खेळातून, आणि संध्याकाळी सगळ्यांना आपापल्या जागी परत आणताना ती पुन्हा एकदा सांगितली जाते.

मूर्ती हलवताना मुले प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न फार नेमके असतात. एकदा बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचून झाल्यावर थोरल्याने विचारले, ‘यात बैल कुठे आहे?’ खरोखरच तिथे गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, पण बैल आणि गाढव नाहीत. ती जनावरे बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातील एका वचनाच्या आधारे परंपरेने गोठ्यात आणली. ज्ञानी लोकांची कथा मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात सांगितली आहे. ते किती जण होते हे त्याने लिहिलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आपण तिघे धरतो. अशा प्रश्नांनी बिचकून जाऊ नये. मुलाबरोबर पुन्हा तो अध्याय उघडावा आणि कोणती गोष्ट कुठून आली ते दोघांनी मिळून शोधावे.

रिकाम्या गव्हाणीत चांगल्या कामागणिक एक काडी गवत घालण्याची जुनी रीतही फार गोड आहे, कारण तिच्यात बाळासाठी अंथरूण मऊ करण्याचे काम मुलाच्या हाती येते. मात्र एकदा घातलेली काडी कधीही काढून घेऊ नये. मूल हट्ट करते, भावंडाला मारते, म्हणून गवत कमी करण्याची धमकी ज्या दिवशी दिली जाते, त्या दिवसापासून गव्हाणी ही शिक्षेची वही होऊन बसते. मोठ्यांनीही आपली काडी घालावी आणि ती कशासाठी घातली हे मुलांना सांगावे.

सांताक्लॉजचा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात: मुलांना काय सांगायचे? चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या नगरीत निकोलस नावाचा बिशप होता. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्रीच्या अंधारात, कोणाला कळू न देता, त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्याची कथा परंपरेने सांगितली जाते. त्याचा सण ६ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळातच येतो, आणि आम्ही ही कथा त्या दिवशी सांगतो. त्यामुळे मुलांच्या मनात सांताक्लॉजच्या आधी निकोलस येतो. लाल कपड्यांतल्या आजोबांचा खेळ मुलांना खुशाल खेळू द्यावा, पण ‘तू असे वागलास तर तो येणार नाही’ हे वाक्य घरात उच्चारू नये. मूल ज्या दिवशी डोळ्यांत डोळे घालून ‘खरे सांग’ असे म्हणते, त्या दिवशी खरे सांगावे आणि त्याच वेळी गुपचूप देण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाच्या उशाशी भेट ठेवून पाय न वाजवता परत यायला मिळाले, की त्याला काही गमावल्यासारखे वाटत नाही.

भेटवस्तू थोड्या असाव्यात, त्या एकेक करून उघडाव्यात आणि मुलाने स्वतः केलेली एक तरी वस्तू त्याने कोणाला तरी द्यावी. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, लहान मुलांना न्यावे का, याबद्दल मी एवढेच म्हणेन की जवळपास संध्याकाळची उपासना असेल तर तिला जावे. अर्धवट झोपेतून उठवलेले मूल रडते, आईबाप बाहेर उभे राहतात आणि उपासना कोणालाच लाभत नाही.

घरात आजारपण असते, नुकतेच बाळ जन्मलेले असते, कोणीतरी कायमचे गेलेले असते, आईबापांपैकी एकाची त्या दिवशी कामावर पाळी असते, अशीही वर्षे येतात. त्या वर्षी झाड नसले, तारा टांगला गेला नाही तरी चालते. मेणबत्ती मात्र लावावी. गेलेल्या माणसाचे नाव तिच्यासमोर मोठ्याने घ्यावे आणि मुलांनाही घेऊ द्यावे, कारण मोठी माणसे गप्प बसली की मुले त्या शांततेने अधिक घाबरतात. नाताळचे जेवण दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर झाले तरी काही बिघडत नाही. जुन्या ज्यूलियन कॅलेंडरनुसार चालणारी ऑर्थोडॉक्स चर्चे ७ जानेवारीला नाताळ साजरा करतात आणि आर्मेनियन चर्च तो ६ जानेवारीला करते. शिवाय नाताळचा सण एका दिवसात संपतही नाही. २५ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस आपल्यापाशी असतात. भेटीगाठी, आभाराची पत्रे, राहून गेलेली गाणी या सगळ्यांसाठी ते दिवस आहेत. सव्वीस तारखेलाच झाड उतरवण्याची घाई का केली जाते, हे मला आजवर कळलेले नाही.

यंदाच सुरुवात करायची असेल तर ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार शोधावा. तोच आगमनकाळाचा पहिला रविवार असतो. त्याच्या आधी चार मेणबत्त्या आणि एक पसरट ताट आणून ठेवावे आणि डहाळ्या आदल्या दिवशी मुलांबरोबर जाऊन गोळा कराव्यात. तो रविवार हुकला तर पुढच्या रविवारी दोन मेणबत्त्या एकदम लावाव्यात आणि तिथून पुढे चालू ठेवावे.