छोटा टॅब्लेट, फिरणारी निब आणि वरचे दोनशे डॉलर

मागच्या नोंदीपासून रोजचा कित्ता मी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड मिनीवर गिरवते आहे. ए१७ प्रो चिप, ८.३ इंची पडदा आणि सोबत अ‍ॅपल पेन्सिल प्रो. सुलेखन करणाऱ्या मित्रमंडळींपैकी जो तो एकच विचारतो: एवढ्याशा पडद्यासाठी जास्त पैसे का मोजायचे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या जाहीर किमती धरल्या तर मिनी ४९९ डॉलर आणि पेन्सिल प्रो १२९, मिळून ६२८. २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड ३४९ आणि यूएसबी-सीवाली पेन्सिल ७९, मिळून ४२८. पडदा लहान, आणि वर दोनशे डॉलर जास्त. रुंद निबने देवनागरी लिहिणाऱ्याच्या हातात त्या दोनशे डॉलरांतून नक्की काय पडतं, तेवढंच इथे तपासलं आहे. सिनेमे, खेळ, फोटो यांसाठी टॅब्लेट कसा आहे हे दुसरं कुणीही सांगेल.

आधी आपल्याला यंत्राकडून हवं काय, ते ठरवू. बोरू, म्हणजे टोक तिरकं छाटलेली लेखणी, कडक असतो. त्यावर जोर दिला म्हणून रेघ रुंदावत नाही; रेघेची जाडी ठरते ती निबची रुंदी आणि निबचा कोन यांवर. त्यामुळे पेन्सिलच्या जाहिरातीत सगळ्यांत आधी सांगितली जाणारी दाबाची जाणीव रुंद निबच्या सरावाला लागतच नाही. उलट प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमधल्या ब्रशच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार आणि अपारदर्शकता या दोन्हींवरचा दाबाचा परिणाम मी आधी बंद केला. तो चालू असला की दंडाच्या सुरुवातीला आणि शेवटी रेघ आपोआप निमुळती होते, आणि अक्षर बोरूचं न वाटता ब्रशपेनचं वाटायला लागतं. यूएसबी-सी पेन्सिलमध्ये दाबाची जाणीव नाही, म्हणून ती चित्रकारांना अपुरी पडते. आपल्याला तो तोटा अजिबात जाणवत नाही.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि इथे थोडं गणित आलंच. निब आडव्या ओळीशी ४५ अंशांत धरली की उभ्या दंडाची आणि आडव्या शिरोरेषेची जाडी सारखी येते, निबच्या रुंदीच्या साधारण ०.७ पट. निब ५ मिलिमीटरची असेल तर दोन्ही साधारण साडेतीन मिलिमीटर. कोन बिघडला की दोन्ही रेघा विरुद्ध दिशांना सरकतात. ४५ चे ५५ अंश झाले तर दंड २.९ मिलिमीटरवर येतो आणि शिरोरेषा ४.१ वर जाते. कोन ३५ झाला तर याच्या बरोबर उलट. आपल्या पानावर दंड रोडावलेले आणि शिरोरेषा जाडजूड दिसत असतील तर निब जास्त उभी झाली आहे, हे मोजपट्टीशिवाय कळतं. मला ही खूण फार उपयोगी पडते, म्हणून सविस्तर लिहिली.

आता खरा मुद्दा. कोन स्थिर ठेवून लिहायचं असेल तर टॅब्लेटवर पेन्सिल कशीही धरली तरी चालतं. प्रोक्रिएटमध्ये आयताकृती टोकाचा ब्रश घ्यायचा, तो एकदा ४५ अंशांत वळवून ठेवायचा, की झालं. देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरका असतो. इथे त्यासाठी नवा बोरू छाटायची गरज नाही, ब्रशचा कोन दुसऱ्या बाजूला फिरवला की काम होतं. रेघ अगदी शिस्तीत येते. आणि हे सगळं ४२८ डॉलरांच्या जोडीवर होतं, जुन्या टॅब्लेटवर होतं, दाब न कळणाऱ्या पेन्सिलने होतं. स्थिर कोनाच्या कित्त्यासाठी ६२८ डॉलरांची जोडी एक तसूभरही चांगली रेघ देत नाही. जे आत्ताच सुलेखन शिकू लागले आहेत, ग, म, न, त यांच्या गाठी आणि दंड घोटत आहेत, त्यांना मी मिनी घ्या असं सांगणार नाही.

मात्र तिथेच एक खोच आहे. ब्रशचा कोन यंत्राने धरून ठेवला की मनगटाकडे कुणाचं लक्षच राहत नाही. अक्षरं टॅब्लेटवर देखणी येतात आणि कागदावर बोरू घेतला की तीच अक्षरं डगमगतात, कारण कोन सांभाळायचं काम हाताने कधी केलेलंच नसतं. पेन्सिल प्रोचं मोल इथून सुरू होतं. मे २०२४ मध्ये आलेल्या या पेन्सिलमध्ये जायरोस्कोप आहे. पेन्सिल बोटांत स्वतःभोवती फिरवली की ते फिरणं टॅब्लेटला कळतं आणि ब्रशचं टोक तेवढंच फिरतं. याला बॅरल रोल म्हणतात. आधीच्या पेन्सिलींना कळायचं ते कलणं आणि कलण्याची दिशा. बोटांतलं फिरणं नाही. ही कल्पना काही अ‍ॅपलची नव्हे. वॅकॉमचा आर्ट पेन कितीतरी आधीपासून फिरणं ओळखतो, पण तो त्यांच्या टेबलावरच्या पाट्यांबरोबर चालतो. हातात धरून कुठेही बसता येईल अशा २९३ ग्रॅमच्या उपकरणात ही सोय मिळणं, हे माझ्यासाठी नवं होतं.

बॅरल रोल चालू केला की यंत्र सांभाळून घेणं थांबवतं. वर सांगितलेली दहा अंशांची चूक पानावर जशीच्या तशी उमटते. सुरुवातीला माझी पानं स्थिर कोनाच्या पानांपेक्षा स्पष्टपणे वाईट दिसत होती, आणि ती तशीच दिसायला हवी होती. शब्दाच्या शेवटाकडे जाताना हात शरीरापासून लांब जातो आणि कोन हळूहळू वाढतो, हे मला या पानांवर लख्ख दिसलं. चार अक्षरी शब्दात पहिल्या अक्षराचा दंड भरदार आणि चौथ्याचा बारीक. कागदावरही हेच होत असणार. पण तिथे शाईचा ओलावा, बोरूची झीज आणि कागदाचा पोत इतकं काही मध्ये येतं की नेमकं कारण हाती लागत नाही.

बोरू मुद्दाम फिरवायचा असतो तिथे तर ही पेन्सिल फारच कामाची आहे. दंड खाली आणताना कोन ४५ वरून ७५ अंशांवर नेला की ५ मिलिमीटरच्या निबची रेघ साडेतीनवरून १.३ मिलिमीटरवर येते. अशी निमुळती होत जाणारी दंडाची टोकं, र आणि ह यांच्या सुटत्या शेपट्या, वेलांटीचा कमानीतून उतरणारा भाग, उकाराचं शेवटचं वळण या सगळ्यांत निब रेघेच्या मध्येच वळते. स्थिर कोनाच्या ब्रशने हे करता येत नाही. दाब लावून फसवं निमुळतेपण आणता येतं, पण त्याचा छेद वेगळा दिसतो: दाबाने रेघ दोन्ही कडांनी सारखी आत येते, निब वळवल्यावर टोकाचा तिरका काप शाबूत राहतो. सरावलेल्या डोळ्याला हा फरक लगेच कळतो.

पेन्सिल प्रोला एक बाजू सपाट आहे, चुंबकाने टॅब्लेटला चिकटण्यासाठी. ती बाजू अंगठ्याखाली ठेवली की निब कुठे तोंड करून आहे हे न पाहता समजतं. प्रोक्रिएटमध्ये ब्रशच्या आकाराच्या भागात कलण्याची दिशा वापरायची की बॅरल रोल, हे निवडावं लागतं. मी फक्त बॅरल रोल ठेवला आहे. दोन्ही एकत्र ठेवले की मनगट कललं तरी निब वळते आणि कुठल्या हालचालीने काय झालं याचा पत्ता लागत नाही. टोक पडद्याच्या थोडं वर धरलं की निबची बाह्यरेषा आधीच दिसते, त्यामुळे शिरोरेषेला काना जिथे भेटतो तिथे निब अचूक टेकवता येते. रेघ गुळगुळीत करणारी सोय मात्र मी अगदी कमीवर ठेवली आहे. ती हाताची थरथर पुसून टाकते, आणि मला ती थरथर पाहायचीच आहे.

बाकीच्या वैशिष्ट्यांबद्दल थोडक्यात. ए१७ प्रो चिप आपल्या कामासाठी गरजेपेक्षा खूप जास्त आहे. आयताकृती टोकाचा ब्रश ओढायला त्यातलं फारसं काही खर्ची पडत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींचा सुलेखनाशी काही संबंध आला नाही. सुरुवातीची साठवण ६४ जीबीवरून १२८ जीबी झाली, ते बरं झालं. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, १२० नाही, याबद्दल बरीच नाराजी वाचायला मिळते. झपाझप रेखाटन करणाऱ्यांसाठी ती खरी आहे: हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने चालला तर दोन चित्रचौकटींच्या मध्ये टोक ५ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. पण रुंद निबचा दंड आपण सावकाश ओढतो. सेकंदाला ३ सेंटिमीटर धरले तर हेच अंतर अर्धा मिलिमीटर होतं. माझ्या हाताला ते जाणवत नाही.

काच आणि पडदा एकमेकांना जोडलेले असणं, याला मात्र मी पैसे मोजायला तयार आहे. साध्या आयपॅडमध्ये काच आणि पडदा यांच्यामध्ये फट आहे. वरून सरळ पाहिलं तर काही वाटत नाही, पण तिरकं पाहिलं की टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे. गाठ बंद करताना किंवा क्ष, ज्ञ यांसारख्या अक्षरांत दोन रेघा जेमतेम भिडवताना हे खुपतं. मिनीत टोकाखालीच रेघ उमटते. शिवाय ३२६ पीपीआयमुळे (दर इंचाला तेवढे पिक्सेल) एका मिलिमीटरला जवळजवळ १३ पिक्सेल येतात, तर साध्या आयपॅडच्या २६४ पीपीआयवर १० च्या आसपास. निबच्या तिरक्या कडा मिनीवर अधिक धारदार दिसतात.

आकाराबद्दल मात्र थांबून विचार करायला हवा. मिनीच्या पडद्याचं प्रत्यक्ष माप साधारण १७६ बाय ११६ मिलिमीटर भरतं. ए६ कागद त्यात खऱ्या मापात मावतो, भोवती थोडी जागाही उरते. ५ मिलिमीटरच्या निबने एक शब्द, फार तर दोन ओळी, एवढंच पान समजायचं. ११ इंची आयपॅड एअरचा पडदा साधारण २२७ बाय १५८ मिलिमीटर. मिनीला त्याच्या ५७ टक्के जागा मिळते. एका अक्षराचा, एका शब्दाचा सराव करायला मिनी पुरतो, आणि एका हातात धरून उभ्यानेही लिहिता येतं, हे एअरच्या ४६० ग्रॅममध्ये फार वेळ जमत नाही. पण पूर्ण श्लोक बसवायचा, ओळींमधलं अंतर ठरवायचं, उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकू न देता रचना करायची, तर मिनीवर सारखं लहानमोठं करत बसावं लागतं. आणि पडदा मोठा केलेल्या अवस्थेत लिहिलेलं अक्षर हाताच्या खऱ्या मापात उतरत नाही. खांद्यातून यायला हवी ती हालचाल बोटांतून येते. रचना हेच ज्यांचं मुख्य काम आहे त्यांनी आणखी शंभर डॉलर घालून एअर घ्यावा. पेन्सिल प्रो त्यावरही चालते.

जुना, २०२१चा मिनी स्वस्तात मिळतोय तर घ्यावा का, असंही दोघातिघांनी विचारलं. त्याचा पडदाही जोडलेला आहे, माप तेच, घनता तीच. पण त्यावर दुसऱ्या पिढीची किंवा यूएसबी-सी पेन्सिल चालते, पेन्सिल प्रो चालत नाही. म्हणजे बॅरल रोल नाही. स्थिर कोनाच्या कित्त्यासाठी तो उत्तम सौदा आहे. उलट बाजूही लक्षात घ्या: दुसऱ्या पिढीची पेन्सिल घरात असेल तर ती नव्या मिनीवर चालणार नाही, तेव्हा १२९ डॉलर टळत नाहीत.

माझं उत्तर असं ठरलं आहे की, ज्याचा हात स्थिर कोनात बसला आहे आणि जो आता निब वळवायला शिकतो आहे, त्याला हे दोनशे डॉलर वाजवी आहेत, आणि त्यातले बहुतेक पेन्सिलीच्या फिरण्याचे आहेत. ते फिरणं वापरायचं नसेल तर उरते ती जोडलेली काच आणि कमी वजन. तेवढ्यासाठी मी इतके पैसे घातले नसते.

सध्या काम चालू आहे ते रफारावर. ‘सूर्य’ आणि ‘मार्ग’ हे दोन शब्द घेतले आहेत. रफाराची कमान चढताना कोन ४५ ठेवायचा आणि शिरोरेषेकडे उतरताना ६०-६५ पर्यंत न्यायचा, असा प्रयत्न आहे. चढ बरा जमतो. उतरताना निब उशिरा वळते आणि रफार शिरोरेषेवर जड बसतो. म्हणून कमानीच्या माथ्याआधीच वळायला सुरुवात करून पाहते आहे. तेच दोन शब्द त्याच मापात बोरूनेही लिहून बाजूला ठेवले आहेत. पुढच्या नोंदीत दोन्हींचे दंड आणि रफार मोजून लिहीन. कुणी रफार वेगळ्या कोनात उतरवत असेल तर तो कोन आणि निबची रुंदी जरूर कळवा.