ईमॅक्समध्ये कुठल्या फंक्शनला स्पीड ३ द्यायचा

एडिटर जरा अडकला की लोक आधी कंपायलरची सेटिंग शोधायला लागतात. ईमॅक्समध्ये (कोड लिहायचा एडिटर, त्याचा बराचसा भाग लिस्प भाषेत आहे) ती आहेच, २०२२ च्या २८ व्हर्जनपासून लिस्पचा थेट मशीन कोड करून मिळतो (आंद्रेआ कोराल्लोचं काम, मागे जीसीसी ह्या कंपायलरची लायब्ररी) आणि ३० पासून ती लायब्ररी मशीनवर असली की बिल्डमध्ये हे आपोआप चालूच असतं. कंपायलरने कोड किती ऑप्टिमाइझ करायचा त्याचा आकडा म्हणजे स्पीड, डिफॉल्ट २. मग कुणीतरी हमखास सांगतं, ३ कर, पळेल बघ.

अख्ख्या कॉन्फिगला ३ लावू नका राव. २ वर असताना लिस्पचं एक फंक्शन दुसऱ्याला नावाने बोलावतं, त्यामुळे चालू एडिटरमध्ये तुम्ही ते बदललंत किंवा त्याला अ‍ॅडव्हाइस (बाहेरून जोडलेला जादा कोड) लावलात तरी लगेच लागू होतं, आणि आपण ईमॅक्स वापरतो ते निम्मं ह्याचसाठी. ३ वर कंपायलरला एका फाइलमधली फंक्शन्स एकमेकांत विरघळवायची मुभा मिळते, मग तुम्ही नवीन डेफिनिशन इव्हॅल्युएट करता, मेसेजही नीट येतो, आणि आतून जुनंच चालू असतं. बसा शोधत.

म्हणून माझ्यासाठी प्रश्न दोन. हे फंक्शन खरंच वेळ खातंय का, आणि ह्याला कुणी कधी हात लावणार आहे का?

पहिल्याचं उत्तर प्रोफायलर देतो, कुठलं फंक्शन किती वेळ खातं ते मोजणारं साधन. सीपीयू मोडमध्ये सुरू करायचा, जे अडकतं ते थोडा वेळ करायचं, रिपोर्ट उघडायचा. मोठ्या लॉग फाइलमध्ये स्क्रोल अडकत होतं तेव्हा मी हेच केलं, तर वर रीडिस्प्ले (स्क्रीन पुन्हा रंगवणं), त्याच्या पोटात फॉन्ट-लॉक (मजकुराला रंग देणारा भाग), आणि तळाशी रेजेक्स सर्च (पॅटर्नने शोध), शिवाय 'ऑटोमॅटिक जीसी' म्हणजे गार्बेज कलेक्टरची (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याची) वेगळी ओळ. आता रेजेक्सचं इंजिन आणि गार्बेज कलेक्टर दोन्ही मुळात सी मध्येच आहेत, तिथे लिस्प कंपाइल करून काय मिळणार? रेजेक्सच सुधारावा लागला. (मराठी मजकुराची जोडाक्षरंही हार्फबझ ही लायब्ररी जुळवते, तीही लिस्पमध्ये नाहीच.)

मग ३ कुणाला? फझी सर्चमध्ये (अर्धवट टाइप केलं तरी जुळणारी नावं शोधणं) प्रत्येक नावाला मार्क देणारं फंक्शन घ्या: अक्षरामागून अक्षर, नुसती बेरीज-वजाबाकी, दर की दाबली की प्रत्येक नावासाठी चालतं आणि त्याला अ‍ॅडव्हाइस कोण कशाला लावेल. त्या एकाच फंक्शनच्या डिक्लेअरमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला कंपायलरसाठी लिहायची सूचना) स्पीड ३ लिहायचा, बाकी फाइल २ वरच. हुकमध्ये अडकवलेली (ठरावीक घटना घडली की आपोआप चालणारी) फंक्शन्स तर मी कधीच ३ वर नेत नाही, ती रोज बदलतात. एखादं फंक्शन मशीन कोड न करता बाइटकोडच (ईमॅक्सने स्वतः वाचून चालवायचं मधलं रूप) ठेवायचं असेल तर स्पीड -१ ही चालतो.

विम ह्या दुसऱ्या एडिटरच्या ९ व्हर्जनमध्ये हे जास्त सरळ आहे, 'डेफ' लिहिलं की कंपाइल, जुनं 'फंक्शन' लिहिलं की नाही, कोड वाचतानाच कळतं. विमचाच भाऊ निओव्हिम, त्याच्या लुआ भाषेचा कंपायलर लुआजिट तर विचारतही नाही, लूप डिफॉल्टने ५६ वेळा फिरला की तो आपणहून कामाला लागतो.