बोर्डो, बुरशी आणि चमचाभर टोकाय

आमच्या निफाडच्या घरात ‘बोर्डो’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या नावाच्या फ्रेंच वाइनसाठी नाही. पाऊस उघडला की आप्पा मोरचूद आणि चुना भिजत घालायचे, आणि संध्याकाळी बागेतून परतायचे तेव्हा सदरा, टोपी, हाताची बोटं सगळं निळसर झालेलं असायचं. द्राक्षवेलीवरच्या डावणी या बुरशीच्या रोगावरचं औषध म्हणजे बोर्डो, एवढंच आम्हाला ठाऊक.

२०२४च्या मार्चमध्ये मी जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या प्रोवाइन या वाइन-प्रदर्शनात बोर्डोच्या एका टेबलापाशी उभी राहिले, तेव्हा नाकात आधी तो मोरचुदाचा वासच आला. मी दिंडोरीकडच्या एका वाइनरीत सेलरचं, म्हणजे वाइन आंबवण्या-मुरवण्याच्या कोठाराचं काम बघते. हंगाम ऐन भरात असताना तीन दिवस सुट्टी मागणं जिवावर आलं होतं, पण हे प्रदर्शन फक्त धंद्यातल्या लोकांसाठी असतं आणि मार्चमध्येच भरतं. १९९४ पासून ते चालू आहे. स्टेशनवरून यू ७८ ही शहरी रेल्वे पकडली, ऱ्हाइनकाठच्या मेसेला, म्हणजे प्रदर्शन-संकुलाला उतरले. आत देशवार मांडलेले भलेमोठे हॉल. हातात ग्लास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. पहिल्या दोन घोटांना संकोच वाटतो. पण थुंकलं नाही तर दुपारपर्यंत जीभ कामातून जाते.

बोर्डोवाल्याला मी आप्पांच्या निळ्या हातांबद्दल सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला आणि त्यामागची गोष्ट सांगितली. बोर्डोजवळच्या मेदॉक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचा सडा मारायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली डावणीतून वाचल्यात. १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण जगापुढे मांडलं. त्या औषधाचं नाव जिथून आलं, तिथल्याच सां-जुलियाँ गावची रेड वाइन मी मग चाखली. पेन्सिलीला टोक काढताना येतो तो लाकडाचा वास, मागून काळ्या फळांची गोडी, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा बारीक, मऊ तुरटपणा. फार सुंदर होती. पण मला त्या घोटापेक्षा ती गोष्ट जास्त पुरली.

जर्मन हॉलमध्ये मोझेल खोऱ्यातली एक जुनी रिझलिंग, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, नाकाशी नेली आणि चमकलेच. रॉकेल! आजीच्या स्टोव्हजवळ बसल्यासारखा वास. रिझलिंग मुरली की तो येतो, आणि जाणकार त्याच्यावर जीव टाकतात. खाली लिंबाची साल, मध, आणि तोंडात पाणी सुटेल असा आंबटपणा. टेबलावर ब्रेम गावच्या कालमाँट उताराचा फोटो होता. जागोजागी पासष्ट अंशांपर्यंत चढ, पायाखाली पाटीचा दगड, आणि वेलींमधून दोरखंडाच्या आधाराने चालणारी माणसं. आमच्याकडे ओळीतून ट्रॅक्टर फिरतो. त्या उतारावरची छाटणी, बांधणी, तोडणी सगळी हाताने होते, हे बघितल्यावर बाटलीची किंमत मला अजिबात जास्त वाटली नाही.

इटलीच्या बारोलो या रेड वाइनपाशी गर्दी फार होती. रंग कोकम सरबतासारखा फिका, तुरटपणा मात्र कच्च्या सुपारीचा. ३८ महिने मुरवल्याशिवाय ती विकताच येत नाही. जॉर्जियाच्या टेबलावर रांजणातली वाइन होती, आमच्या पेवासारखा गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवलेली, रंग कोऱ्या चहाचा. या दोन्हींवर नंतर कधीतरी निवांत लिहीन.

कारण माझा जीव अडकलाय तो हंगेरीच्या टोकायमध्ये.

नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर आमच्या बागेत जे झालं ते मी विसरू शकत नाही. मणी तडकले, चार दिवसांत घडांवर करडी बुरशी चढली, आणि आप्पांनी घड कापून बांधावर टाकले. त्याच जातीची बुरशी, बोट्रायटिस, टोकायच्या माणसांना हवी असते. शरद ऋतूत बोद्रोग आणि टिसा नद्यांवरून सकाळी धुकं चढतं आणि फुर्मिंट या तिथल्या पांढऱ्या द्राक्षाच्या मण्यांवर बुरशी धरते. साल सच्छिद्र होते, पाणी उडून जातं, मणी मनुक्यासारखा सुकतो. मग बायामाणसं तो मणी-मणी वेचतात. अख्खा घड नाही, एकेक मणी! ओळीतून पुन्हा पुन्हा फिरून, जेवढे तयार झाले तेवढेच.

या मण्यांच्या गोड वाइनला ऑसू म्हणतात, आणि पुत्तोन्योश हे तिच्या गोडीचं माप. सहा पुत्तोन्योशची ऑसू मी आधी चाखली. जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, केशर. मग तिथल्या बाईंनी काचेच्या चमच्यात एसेन्सिया ओतली. हे मणी नुसते रचून ठेवले की स्वतःच्याच भाराने जो रस ठिबकतो, तो हा. लिटरमागे किमान साडेचारशे ग्रॅम साखर, इतकी की आंबायला वर्षानुवर्षं लागतात. चमचा कलता केला तर काकवीसारखी संथ सरकली. जिभेवर आधी मध, आणि मग तो मध कापत जाणारा असा लख्ख आंबटपणा की डोळे आपोआप मिटले. ही मात्र मी थुंकले नाही.

हॉलबाहेर येऊन घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते, आप्पा थॉम्पसन द्राक्षांच्या गाडीचा हिशेब करत होते. मी सगळं सांगितलं, बुरशीचं, धुक्याचं, वेचणीचं.

“फवारत नाहीत तिच्यावर?”

“नाही.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“सकाळी धुकं म्हणतेस. मग दुपारी ऊन चांगलं कडक पडत असणार. वारा पण असेल. नुसतं धुकं राहिलं असतं तर घड सडला असता, सुकला नसता.”

उन्हाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. टोकायच्या बाईंनी मला नेमकं तेच समजावलं होतं.

“येताना त्या मण्यांचा एखादा फोटो आण,” आप्पा म्हणाले. “देठ कसा राहतो ते बघायचंय.”